नव्वदच्या पुढे

पेटी जुनी आहे. शेजारच्या पेनरांच्या गॅरेजमधून
चाळीस डॉलरला घेतली, किल्लीसकट.
किल्ली अडकते हे त्यांनी पैसे मोजून झाल्यावर सांगितलं.
झाकणावर कुणाच्या तरी स्कीइंगच्या सुट्टीचं स्टिकर,
अर्धं उन्हानं खाल्लेलं.

वेंडेलनं ती टपावर चढवली, चार बोल्ट आवळले,
आणि शिडीवरूनच हिशेब मांडला:
जड मध्ये, हलकं कडेला,
पंचाहत्तर किलोच्या वर एक चमचाही नाही.
तंबू गेला, घडीच्या खुर्च्या, ओस्टापचे गमबूट,
टॅम्सिनच्या तेरा पुस्तकांपैकी नऊ,
आणि बार्लीचं पथ्याचं खाणं, बारा किलो,
ज्याला सगळ्या सामानापेक्षा जास्त वास येतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं डोक्यावर,
कशासाठी, तर डिक्कीची अख्खी जागा
बार्लीला मोकळी राहावी.
तेरा वर्षांची आहे. कंबर गेलीय.
आडवं व्हायचं तर आधी तीन गिरक्या,
मग एक उसासा, मग पुन्हा एक गिरकी.

हिवाळ्यात तिचे कान गेले.
आम्हाला वाटलं, हट्ट करतेय.
मग एकदा माझ्या हातून भांडं निसटलं, फुटलं,
आणि ती तशीच
खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसलेली.
तेव्हापासून आम्ही तिच्याशी हातांनी बोलतो,
आणि सवय जात नाही म्हणून तोंडानंही.

स्विफ्ट करंट मागे पडलं. दोन्हीकडे कनोला,
इतका पिवळा की टॅम्सिन म्हणाली, "पुरे आता."
काट्यानं नव्वद ओलांडले
आणि पेटी घुमायला लागली.
रिकाम्या रांजणात तोंड घालून
कुणी एकच खालचा स्वर धरावा तशी.
टपातून दारांत, दारांतून सीटमध्ये,
माझ्या दाढेतल्या चांदीत.

बार्लीनं मान उचलली.
पाच महिन्यांत पहिल्यांदा
हात न हलवता, खाऊ न दाखवता.
छताकडे बघितलं. पोट गाडीच्या तळाला घट्ट टेकवलं,
आणि गळा वर करून
एक लांबलचक, गंजलेला हेल काढला.

पोरं हसून हसून बेजार. मीसुद्धा.
अल्बर्टाची पाटी गेली तरी दोघींचं चालूच,
एक वर, एक खाली.

मेडिसिन हॅटला पेट्रोल. वेंडेलचं डोकं उठलेलं.
पंपावरची बाई म्हणाली, दांडीला दोरी गुंडाळा,
वारा चिरतो, आवाज मरतो.
कपडे वाळत घालायची निळी दोरी.
ओस्टापनं मोजले, एकोणीस वेढे.

आवाज मेला. खरंच मेला.
एकशेदहाच्या वेगातही गाडी
पाहुणे गेल्यानंतरच्या घरासारखी.
बार्ली थोडा वेळ छताकडे बघत राहिली.
मग तळाला नाक लावलं, मग दाराला,
मग आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे,
जणू आमच्यापैकीच कुणीतरी काहीतरी लपवलंय.
मग डोकं पंजांवर.

किती किलोमीटर गेले माहीत नाही.
टॅम्सिननं पुस्तक उघडलं होतं, पान उलटत नव्हती.
वेंडेलनं सिग्नल दिला. का ते बोलला नाही.
खडीवर थांबून, दाराच्या कडेवर पाय देऊन वर चढला.
वारा असा की टोपी उडाली,
ती गेलीच.
गाठ सुटेना, तेव्हा दात लावले,
आणि शिव्या घातल्या, ज्या पोरांनी
मन लावून ऐकल्या.

परत बसला. प्रथमोपचाराच्या डबीतला कापूस
दोन्ही कानांत कोंबला.
सत्तर. ऐंशी.
मी मागे वळून तिचे कान बघत होते,
ज्यांचा या कामी काहीच उपयोग नाही.
नव्वद.
अजून काही नाही.
ब्याण्णव.